रिॲक्ट, अँग्युलर की फ्लटर? फी भरण्याआधी एवढं करा

प्रश्न : मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. मुलगी बी.सी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला वेब ॲप्लिकेशन बनवण्याचं काम करायचंय. एक क्लासवाले रिॲक्ट शीक म्हणतात, दुसरे अँग्युलर, तिची मैत्रीण फ्लटर म्हणते. फी एकदाच भरण्याची ऐपत आहे. कशाला भरू?

उत्तर : दादा, ही तिन्ही ॲप्लिकेशन बनवायची तयार साधनं आहेत. पण अजून दोन-तीन महिने कशालाच भरू नका.

२०१० च्या आसपास तुम्ही हेच विचारलं असतं, तर फ्लॅश-फ्लेक्स की सिल्व्हरलाइट, या तेव्हाच्या साधनांची चर्चा झाली असती. दोन्ही चालायला ब्राउझरमध्ये वेगळं प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, टाकावं लागे. आयफोननं फ्लॅशला कधी थाराच दिला नाही. पुढं अडोबीनं ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा सपोर्ट बंद केला आणि मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २०२१ मध्ये सिल्व्हरलाइटचा. ब्राउझर स्वतः जी भाषा चालवतो ती जावास्क्रिप्ट मात्र १९९५ पासून टिकून आहे. म्हणून मुलीचा पाया एचटीएमएल (पानाचा सांगाडा), सीएसएस (पानाची सजावट) आणि जावास्क्रिप्टचाच हवा. एमडीएन या वेबसाइटवर हे सगळं फुकट वाचायला मिळतं.

सरावाला तिला तुमच्याच कारखान्याचं ऑर्डरचं पान करायला सांगा. टॉवेलचा साइज निवडला, डझन टाकले की पान पुन्हा लोड न होता एकूण रक्कम बदलली पाहिजे. चुकून उणे आकडा टाकला तर तिथंच अडवलं पाहिजे. आधी हे नुसत्या जावास्क्रिप्टमध्ये करू दे. साइज दहा झाले, प्रत्येकाचा दर वेगळा, मध्येच एक ओळ काढून टाकली, की कुठला आकडा कुठं बदलायचा याचा गुंता होतो. तो गुंता तिनं स्वतःच्या हातानं सोडवायला हवा. रिॲक्ट कशासाठी आहे हे तिला तेव्हाच कळेल, आणि मुलाखतीत नेमकं हेच खोदून विचारतात.

आता तुमची तीन नावं. रिॲक्ट फेसबुकनं २०१३ मध्ये सगळ्यांना वापरायला खुलं केलं. ते फक्त स्क्रीनचा भाग सांभाळतं, बाकीचं आपण जोडायचं. कामंही त्यात भरपूर निघतात. अँग्युलर गूगलचं. त्यात राउटिंग (एका पानावरून दुसऱ्यावर नेणं), फॉर्म सगळं आतच मिळतं, शिस्त कडक आणि टाइपस्क्रिप्ट, म्हणजे जावास्क्रिप्टचंच जास्त काटेकोर रूप, यावंच लागतं. मोठ्या कंपन्यांच्या अंतर्गत कामांत ते दिसतं. पण २०१६ मध्ये गूगलनं ते मुळापासून नव्यानं लिहिलं, तेव्हा जुन्या अँग्युलरजेएसवाल्यांना बरंच पुन्हा शिकावं लागलं. फ्लटर मोबाइल ॲपसाठी उत्तम आहे. वेबवर ते स्वतःचं चित्र काढणारं इंजिन सोबत डाउनलोड करतं, त्यामुळे साध्या फोनवर, रेंज कमी असताना पान उघडायला वेळ लागतो. शिवाय त्याची भाषा डार्ट, म्हणजे जावास्क्रिप्टची मेहनत बाजूलाच राहते.

माझं मत विचाराल तर पायानंतर रिॲक्ट, आणि सोबत टाइपस्क्रिप्ट. क्लाससाठी पुण्याला लगेच पाठवायची गरज नाही. घरी बसून हे होतं. तरी क्लास लावायचाच असेल, तर फी भरण्याआधी मागच्या बॅचच्या मुलांनी केलेली चालू कामं मोबाइलवर उघडून दाखवा म्हणा, दोन तास वर्गात बसू द्या म्हणा, आणि हप्त्यांची सोय लेखी घ्या. जे यातलं काहीच करायला तयार नसतील, त्यांच्याकडे पैसे गुंतवू नका.