अकीकासारखे छोटे दगड घरच्या घरी हाताने कसे घडवावेत आणि पॉलिश करावेत?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. फ्लॅटमध्ये मोठ्या मशीनशिवाय हे जमेल का, सुरुवात कुठल्या दगडापासून करावी, आणि अकीकाचा (अगेटचा) तुकडा २००० नंबरच्या वॉटर पेपरपर्यंत, म्हणजे पाण्यात घासायच्या पॉलिश पेपरपर्यंत, घासूनही मळकटच का दिसतो. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो सुटला की बाकीचं बरंच सोपं होतं.

दगड ओला असताना छान चमकतो आणि वाळला की पांढुरका दिसतो, असं होत असेल तर २००० नंबरला दोष देऊ नका. गडबड २२० नंबरच्या जाड कागदावर झालेली असते (नंबर जितका मोठा, तितका कागद बारीक). जाड नंबराने पाडलेले खोल चरे पुढच्या कागदांनी निघालेच नाहीत, त्यांच्या कडा तेवढ्या गुळगुळीत झाल्या. पाणी त्या चऱ्यांत भरतं म्हणून ओला दगड फसवतो. प्रत्येक नंबराचं काम एवढंच की आधीच्या नंबराचे सगळे चरे काढायचे आणि त्यांच्या जागी स्वतःचे जरा बारीक चरे सोडायचे. म्हणून एकूण वेळातला निम्म्याहून जास्त वेळ २२० आणि ४०० वर जायला हवा. ते नीट झालं असेल तर १२०० आणि २००० ला फार घासावंच लागत नाही. नवशिके बहुतेक वेळा उलट करतात: जाड नंबर कंटाळवाणा म्हणून पटकन उरकतात आणि मग बारीक कागदावर तासन्‌तास घासत बसतात.

तपासायची पद्धत अशी. दगड धुवा, फडक्याने पुसा आणि पूर्ण कोरडा होऊ द्या. टेबल लॅम्प बाजूला, खाली घ्या आणि दगड डोळ्याजवळ धरून हळूहळू कलता करा. घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांकडे असतं तसं दहा पटीचं भिंग मिळालं तर उत्तमच. २२० वर एका दिशेने घासलं असेल तर ४०० वर त्याच्या काटकोनात घासा. आता आडव्या बारीक रेषांमध्ये एखादी उभी रेष उरली असेल तर ती चटकन डोळ्यात भरते. ती दिसतेय तोवर पुढचा नंबर हातात घ्यायचा नाही. ‘एकच तर आहे’ म्हणून सोडलीत, तर पॉलिश झाल्यावर लोकांना नेमकी तीच दिसेल.

वॉटर पेपर घेताना तो सिलिकॉन कार्बाइडचा आहे ना हे विचारून घ्या. मोह्‌जच्या कठीणपणाच्या १ ते १० मोजपट्टीवर अकीक ६.५ ते ७ वर येतो आणि सिलिकॉन कार्बाइड ९ च्याही पुढे. सुतारकामाचा साधा पॉलिश पेपर अकीकापुढे टिकत नाही. पण माझं मत विचाराल तर सुरुवातीच्या नंबरांना कागद वापरूच नका. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्याच्या कडा गोल करणारे कारागीर ग्राइंडरला मागून वेल्क्रो असलेले गोल पॅड लावतात, ते आणा. त्यात हिऱ्याची भुकटी बसवलेली असते, ५० पासून ३००० पर्यंतचे नंबर मिळतात आणि मार्बल-ग्रॅनाइटची हत्यारं विकणाऱ्या दुकानात संच सहज मिळतो. मशीन लागत नाही. पॅड तळहातावर ठेवायचा, दोन थेंब पाणी टाकायचं आणि त्यावर दगड फिरवायचा. पॅड लवचिक असल्यामुळे हात किंचित खोलगट केला की दगडाचा घुमटही त्यात बसतो. हिऱ्यापुढे अकीक निमूटपणे झिजतो. कागदावर जे काम संध्याकाळभर चालतं ते इथे बरंच लवकर होतं.

आता दगड कुठला. अकीकच. तो अतिसूक्ष्म कणांच्या क्वार्ट्‌झचा बनलेला असतो, त्यामुळे कठीण असूनही चिवट असतो, कुठल्याही दिशेने सारखाच झिजतो आणि काचेसारखी चकाकी घेतो. स्फटिकाचा कठीणपणा जवळपास तेवढाच, पण तो ठिसूळ असतो, कडा टवके उडून जातात. शिवाय पारदर्शक दगडात मागच्या बाजूचा चरासुद्धा पुढून दिसतो. फ्लोराइट रंगामुळे मोहात पाडतो, मात्र त्याचा कठीणपणा ४ आणि तो चार दिशांना सरळ पदरांत फुटतो. हातातून निसटला की संपला. मूनस्टोनही असाच दोन दिशांना फुटतो, तो नंतर कधीतरी. आधी संगजिऱ्यासारख्या मऊ दगडावर हात बसवा असा सल्ला तुम्हाला मिळेल. आकार कसा काढायचा हे त्यावर कळतं हे खरं, पण पॉलिश अजिबात कळत नाही, आणि तुमची अडचण तर पॉलिशचीच आहे.

महाराष्ट्रात राहत असाल तर अकीक विकतही घ्यायला नको. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे सिलिका विरघळलेलं पाणी त्या पोकळ्यांत झिरपलं आणि थरावर थर बसत गेले. लाव्हाचा काळा पाषाण झिजला तरी आतला अकीक टिकतो, म्हणून गोदावरी, भीमा यांच्या वाळूगोट्यांत तो सापडतो. हा माल नवा नाही. पैठणहून भडोचच्या बंदरात या जातीचा दगड मोठ्या प्रमाणावर उतरवला जात असे, अशी नोंद इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी व्यापाराच्या मार्गदर्शिकेत आहे. नदीत शोधताना मोठा गोटा उचलू नका, तो कापायला करवत लागेल. करंगळीच्या पेराएवढा, जरा चपटा, मेणासारखा अर्धपारदर्शक खडा बघा. काचेच्या तुकड्यावर ओढला आणि काचेला चरा पडला तर कठीणपणा पुरेसा आहे. मग खडा भिजवून सुकू द्या. सगळीकडून पाणी उडालं तरी एखादी ओलसर रेष मागे राहिली, तर तिथे तडा आहे. तो खडा परत नदीत.

विकत घ्यायचाच असेल तर गुजरातमधल्या खंभातचा माल किलोवर मिळतो. भडक निळा, गुलाबी, जांभळा अकीक दिसला की तो रंगवलेला आहे असं समजा, सरावाला चालतो. जळगाव, नाशिक, पुणे भागात मिळणारे झिओलाइट आणि अपोफिलाइटचे सुंदर स्फटिक मात्र घासायला घेऊ नका. ते मऊ असतात, पदरांत फुटतात आणि जसे निघाले तसेच त्यांना मोल असतं. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एकदा चक्कर मारा, मग त्यांना कानस लावावीशी वाटणार नाही.

फ्लॅटमध्ये जमतं का? जमतं, पण एक अट आहे आणि तिच्यात सूट नाही: काम सतत ओलं. अकीकाची कोरडी धूळ म्हणजे शुद्ध सिलिका. ती फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो, आणि त्यावर बरं करणारा उपचार नाही. खंभातच्या अकीक कामगारांमध्ये हा आजार वर्षानुवर्षं नोंदला गेलेला आहे. डिश टबमध्ये पाणी घ्या, त्यातच घासा, आजूबाजूला उडालेला चिखल वाळायच्या आत ओल्या फडक्याने टिपून घ्या. मास्क एन-९५ चा असू द्या, पण तो पाण्याला पर्याय नव्हे. मॅलाकाइटसारखे तांब्याचे दगड तूर्त घरात आणूच नका. आणि टबातलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. गाळ पाइपात घट्ट बसतो, मग प्लंबर आणि घरचे दोघंही बोलतात. जुन्या बादलीत रात्रभर ठेवा, वरचं निवळ पाणी झाडाबुडी टाका, खालचा गाळ वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात.

पहिला आकार कोरीव नको. वरून घुमट, खालून सपाट असा साधा लंबगोल करा, ज्याला कॅबोशॉन म्हणतात. आधी तळ सपाट करा. मग तळावर लंबगोल आखा, पण पेनने आखू नका, ते पाण्यात पुसलं जातं. ॲल्युमिनियमच्या तारेचं टोक घासून अणकुचीदार करा. त्याची करडी रेष ओल्या कामातही टिकते. बाहेरची कड रेषेपर्यंत आणली की दगड पेन्सिलीच्या मागच्या टोकाला फेव्हिक्विकने चिकटवा, धरायला दांडा मिळतो. जुने कारागीर यासाठी लाख वापरतात आणि ती जास्त भरवशाची आहे, पण दगड आणि लाख दोन्ही तापवावे लागतात. फेव्हिक्विक असेल तर ॲसिटोनमध्ये ठेवून दगड सुटतो, लाख असेल तर फ्रीझरमध्ये ठेवून.

घुमट करताना कडेपासून सुरुवात करा. कडेभोवती एक तिरका पट्टा, त्याच्या वर कमी तिरका दुसरा, मग तिसरा, आणि शेवटी पट्ट्यांमधल्या धारा मोडून सगळं गोलाईत आणायचं. या वेळी मनगट सतत फिरतं राहिलं पाहिजे, एका जागी थांबलात की तिथे सपाट डाग पडतो. तो डोळ्यांना पटकन दिसत नाही. दगड ओला करून त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा आणि दगड हळू फिरवा. प्रकाशाची रेघ सलग सरकली तर घुमट बरोबर. मध्येच मोडली किंवा उडी मारली तर तिथे सपाट आहे. हे २२० वरच दुरुस्त होतं, नंतर नाही. घुमटाचा माथा सर्वात जास्त दगा देतो. सगळे कडेला मन लावून घासतात आणि माथ्यावर २२० चे चरे तसेच राहतात.

प्रत्येक नंबरानंतर दगड, पेन्सिल आणि हात धुवा, नखांत जुन्या ब्रशने घासा. २२० चा एक कण १२०० च्या पॅडवर आला तर अर्ध्या तासाचं काम पाण्यात. नंबरागणिक वेगळा डबा, वेगळं फडकं.

२०००-३००० नंतर कागद पुरे. शेवटचं पॉलिश सिरियम ऑक्साइडने होतं, काच पॉलिश करणारे वापरतात तीच भुकटी. ती अकीकावर फार चांगली चालते, कारण नुसती घासत नाही, सिलिकेच्या पृष्ठभागावर थोडी रासायनिक क्रियाही करते. लाकडाच्या ठोकळ्यावर जाड चामड्याचा तुकडा चिकटवा, भुकटी पाण्यात दह्याइतकी दाट कालवून त्यावर लावा आणि दगड दाबून फिरवा. पहिली काही मिनिटं काहीच होत नाही. चामडं सुकायला लागतं तसा दगड ओढल्यासारखा अडतो, आणि नेमकी तेव्हाच चकाकी येते. पाणी घालायची घाई इथेच नडते. मात्र दगड बोटांना गरम लागू देऊ नका.

असे दोन-चार घुमट मनासारखे झाले की कोरण्याकडे वळा. पहिल्याच दगडात गणपती कोरायचा मोह आवरा. सोंडेच्या मागे, कानाच्या आत ज्या खोबणी तयार होतात तिथे पॉलिश पोचवणं हे पूर्ण कामातलं सर्वात अवघड काम आहे. पान करा: मध्ये एक शीर, दोन्ही बाजूंना उथळ उतार. नुसत्या हाताने करायचं तर हिऱ्याची भुकटी बसवलेल्या बारीक कानशी पाण्यात बुडवून वापरा. वेळ लागतो, पण शीर सरळ येते. मोटर घ्यायची झाली तर दातांच्या लॅबमध्ये आणि सोनारांकडे असतो तो मायक्रोमोटर घ्या. त्याच्या हातातल्या भागाला कमी व्होल्टेजचा प्रवाह येतो, विजेला जोडलेला त्याचा डबा तेवढा पाण्यापासून लांब ठेवायचा. थेट २३० व्होल्टवर चालणारं रोटरी टूल ओल्या हातात नकोच. थेंब थेंब पाण्यासाठी केमिस्टकडून सलाइनचा सेट आणून बाटलीला जोडा, चाकाने थेंब कमी-जास्त करता येतात. वेग मध्यम ठेवा आणि डायमंड पॉइंट दाबू नका. दाबला की हिऱ्याचे कण निघून जातात आणि उरते नुसती पोलादी कांडी.

खोबणीत पॉलिश करायला बांबूची काडी किंवा टूथपिक सर्वात उपयोगी. टोक खोबणीच्या आकाराचं तासा, त्यावर डायमंड पेस्टचा कण लावा, १४ मायक्रॉनपासून १ पर्यंत उतरत या. प्रत्येक पेस्टला नवी काडी. हे जिवावर येत असेल तर खोबण ६०० वर मुद्दाम मंद ठेवा आणि उंच भाग तेवढा चमकवा. दोन्हींतला फरक इतका उठून दिसतो की मला स्वतःला पूर्ण चकचकीत पानापेक्षा असंच पान जास्त आवडतं.

आणि कॅबोशॉन चांदीत बसवून घ्यायचा विचार असेल तर हे घासायला बसण्याआधीच ठरवा. कड सरळ उभी न ठेवता वरच्या बाजूला किंचित आत कलती घ्या, म्हणजे सोनाराला चांदीची पट्टी दगडावर वळवता येते. कड उभी राहिली तर दगड कोंदणात टिकत नाही, आणि कड कागदासारखी पातळ झाली तर पट्टी दाबताना टवका उडतो. तळाची धारही ४०० वर जरा मोडून ठेवा. तळ पॉलिश करायची गरज नाही, पट्टीच्या आत तो कोणाला दिसत नाही.