मेच्या सीए इंटरमीजिएटसाठी अभ्यास गणपती गेल्यावर की दिवाळी झाल्यावर?

तुमचा प्रश्न मला असा कळला: तुम्ही घोडबंदर रोडला राहता, वाशीच्या कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, सीए फाउंडेशन झाले आहे, इंटरमीजिएटची नोंदणीही वेळेत झाली आहे आणि पुढच्या मेमध्ये दोन्ही ग्रुप (प्रत्येकी तीन पेपरांचे) एकत्र द्यायचे आहेत. दिवाळीनंतर जोमाने बसले तर सहा महिने मिळतात, ते पुरतील का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते दोन्ही ग्रुपसाठी ते पुरणार नाहीत. गणपती आटोपले की, म्हणजे सप्टेंबरमध्येच, बसावे लागेल.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण त्यात मी स्वतः फसलो होतो. परीक्षेच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपर्यंत नोंदणीला आठ महिने पूर्ण झालेले असावेत, हा इन्स्टिट्यूटचा (सीएची परीक्षा घेणाऱ्या आयसीएआयचा) नियम केवळ परीक्षेला बसण्याच्या पात्रतेपुरता आहे. मी मात्र जानेवारी २०२५ च्या अटेम्प्टसाठी नोंदणी केली आणि आठ महिने हाताशी आहेत असे धरून चाललो. प्रत्यक्षात गणपती, सेमिस्टरची परीक्षा आणि दिवाळी यांतून जे उरले, त्यात टॅक्सेशनचे पहिले वाचन पेपरच्या नऊ दिवस आधी संपले. पहिल्या ग्रुपचा निकाल लागला तेव्हा अॅडव्हान्स्ड अकाउंटिंगला ५७, लॉला ४५ आणि टॅक्सेशनला ४१ गुण होते. प्रत्येक पेपरात चाळीस ओलांडूनही तिन्हींची बेरीज १४३ झाली आणि ग्रुप सुटण्यासाठी १५० लागतात. अकाउंटिंगमध्ये तीन गुण जास्त असते तर निदान त्या पेपरचे एक्झम्प्शन, म्हणजे पुढच्या वेळी तो न देण्याची सूट, तरी हाती आले असती. जे गुण कमी पडले, ते बहुतेक सगळे एकदा वाचून विसरलेल्या भागाचे होते.

म्हणून मेच्या प्रयत्नाच्या वेळी मी सुरुवातीची तारीख ठरवण्याआधी पहिले वाचन कोणत्या दिवशी संपले पाहिजे, ते ठरवले आणि तिथून मागे मोजत आलो. अभ्यासाच्या वहीत स्टॉपवॉच लावून नोंदलेले तास माझ्याकडे अजून आहेत. गणिते सोडवण्यासह पहिल्या वाचनाला अकाउंटिंगला १३०, टॅक्सेशनला १२०, लॉला ८०, आणि पुढे दुसऱ्या ग्रुपच्या वेळी कॉस्टिंगला ११०, ऑडिटला ६० आणि फायनान्शियल व स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंटला ८० असे एकंदर ५८० तास लागले. क्लासमधील व्याख्याने ऐकण्याचा वेळ मी यात धरलेला नाही, कारण व्याख्यान ऐकणे म्हणजे अभ्यास करणे नव्हे, हे मला बरेच उशिरा कळले.

आता हेच गणित तुमच्या दिनक्रमाला लावून पाहू. घोडबंदर रोडवरून ठाणे स्टेशन गाठायचे, तिथून ट्रान्स-हार्बरने वाशीला जायचे आणि संध्याकाळी त्याच वाटेने परतायचे, यात दिवसाचे किती तास जातात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. (बसायला जागा मिळाली तर गाडीत लॉची कलमे उजळता येतात, पण कॉस्टिंगचे गणित गाडीत होत नाही, मी ऐरोली ते तुर्भे बराच प्रयत्न केला आहे.) कॉलेजच्या दिवशी साडेतीन तास आणि शनिवार-रविवार मिळून नऊ तास धरले तर आठवड्याला साधारण २६ तास होतात. त्या हिशेबाने ५८० तासांना २२ आठवडे लागतील. त्यात सेमिस्टरच्या परीक्षेचे आणि दिवाळीचे मिळून चार आठवडे मिळवा. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली तर पहिले वाचन मार्चच्या सुरुवातीला संपते. पुढच्या आठ आठवड्यांपैकी दोन पुन्हा विद्यापीठाच्या परीक्षेसाठी सोडा. राहिलेल्या सहा आठवड्यांत रोज सात-आठ तास बसलात तर दुसरे वाचन आणि मॉक टेस्ट होतात. दिवाळीनंतर बसलात तर पहिले वाचनच एप्रिलच्या मध्यापर्यंत लांबते आणि तुम्ही नेमके माझ्या जानेवारीच्या जागी येऊन उभे राहता.

माझे तास तुमचे असतीलच असे नाही. त्यामुळे वेळापत्रक आखण्याआधी दोन आठवडे फक्त नोंद ठेवा: खरोखर किती वेळ बसलात आणि त्या वेळात मॉड्यूलची (इन्स्टिट्यूटच्या अभ्यासपुस्तकाची) किती पाने झाली. माझ्या पहिल्या दोन आठवड्यांची नोंद मी मनात धरलेल्या आकड्याच्या निम्मीच निघाली होती.

विषयांचा क्रमही याच हिशेबाचा भाग आहे. अकाउंटिंग आणि कॉस्टिंग आधी घ्या, कारण त्यांना हात बसावा लागतो आणि एकदा बसलेला हात सहसा जात नाही. ऑडिट पाठांतराकडे झुकणारे असल्याने शेवटी ठेवले तरी चालते. टॅक्सेशनची गोष्ट मात्र वेगळी आहे. १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांकच बदलले आहेत. तेव्हा तुमच्या अटेम्प्टला कोणत्या तरतुदी लागू आहेत, हे इन्स्टिट्यूटच्या सूचनेत पाहिल्याखेरीज सीनियरच्या जुन्या नोट्स हातात घेऊ नका. अटेम्प्टचा आरटीपी (इन्स्टिट्यूटचा रिव्हिजन टेस्ट पेपर) आला की त्यातील दुरुस्त्यांचा भाग आधी वाचावा.

एवढे करूनही सप्टेंबर हातचा गेलाच, तर दोन्ही ग्रुपचा हट्ट धरू नये. दोन्ही एकत्र देण्याचा फायदा निश्चित आहे. सहाही पेपरांत किमान चाळीस मिळाले तर एकूण तीनशेच्या हिशेबात एका ग्रुपचे जादा गुण दुसऱ्याला सावरून घेतात. पण अपुऱ्या तयारीने सहा पेपर देण्यापेक्षा तीन नीट तयार करून देणे बरे, कारण आता इंटरची परीक्षा जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी वर्षातून तीनदा होते आणि राहिलेला ग्रुप चार महिन्यांत देता येतो. मी मे २०२५ मध्ये पहिला आणि सप्टेंबरमध्ये दुसरा ग्रुप सोडवला आणि आता वाशीत आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचे प्रशिक्षण) करतो आहे. परीक्षेचा अर्ज भरायच्या दिवशी वही उघडून पाहा: तोवर अकाउंटिंग, कॉस्टिंग आणि टॅक्सेशन या तिन्हींचे पहिले वाचन झालेले नसेल, तर अर्जात एकाच ग्रुपवर खूण करा.