वळणावर जड गाडी हलक्या गाडीपेक्षा जास्त स्थिर राहते का?

नाही. आमच्या दाजींशी याच मुद्द्यावर इतका वाद घातलाय की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

सपाट रस्त्यावर गाडीला वळवणारं बल फक्त टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणातून मिळतं. वजन वाढलं की घर्षण वाढतं, पण वळायला लागणारं बलही तितक्याच पटीत वाढतं, त्यामुळे वजनाचा फायदा शून्य. उरते वळणाची त्रिज्या आणि वेगाचा वर्ग. 50 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 60 किमीला घर्षणगुणांक (चाकावरच्या भाराच्या किती पट पकड मिळते तो आकडा) साधारण 0.57 लागतो, 80 ला थेट 1. कोरड्या डांबरावर चांगला टायर 0.8 च्या आसपास देतो, ओल्यावर त्याहून बराच कमी.

दाजींची गाडी उंच आणि भारीभक्कम. दोनच टायर बदलायचे होते, तेव्हा दुकानदाराने नवी जोडी पुढे लावली. मी म्हटलं, मागे लावा. दाजी म्हणाले, इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, मग नवे टायर मागे कशाला? शिवाय एवढी जड गाडी, रस्ता सोडणारच नाही. वर कॅरियरवर बॅगा चढवल्या, म्हणजे गुरुत्वमध्य आणखी वर गेला. पाऊस सुरू होता. एक वळण मध्येच आवळत गेलं, दाजींनी ॲक्सिलरेटर सोडून ब्रेकवर पाय ठेवला आणि भार पुढच्या चाकांवर गेला. मागची चाकं हलकी झाली, त्यात टायर झिजलेले. मागची बाजू बाहेर फेकली गेली आणि समोरच्या काचेत रस्त्याऐवजी कठडा आला. आडवे थांबलो. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून वाचलो. मागे ताई आणि मुलं होती.

दाजी आजही म्हणतात, रस्त्यावर तेल सांडलं होतं. मी उतरून बोट फिरवून पाहिलं, नुसतं पाणी होतं. मागच्या टायरच्या खाचांमधले झीज दाखवणारे आडवे उंचवटे मात्र वरच्या रबराशी सपाट झाले होते. म्हणजे खाच जेमतेम 1.6 मिमी उरली होती. एवढ्या उथळ खाचांतून पाणी निघणार कसं?

पुढची चाकं घसरली तर गाडी वळायची कमी होते, स्टिअरिंग हलकं लागतं, वेग उतरवला की बहुतेक वेळा पकड परत येते. मागची घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते आणि सावरायला क्षणभरच मिळतो. म्हणून दोनच टायर घेणार असाल तर नवे मागेच लावा, गाडीची ताकद पुढच्या चाकांवर जात असली तरीही. दुकानदार हुज्जत घालेल, ऐकू नका.

आता दाजींच्या बाजूचंही सांगतो. आडव्या वाऱ्यात वजनाचा फायदा होतो, तितक्याच आकाराची हलकी गाडी वारा जास्त ढकलतो. ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल ही यंत्रणा, असेल तर ती एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी फिरण्यापासून बरीच सावरते, पण जी पकड टायरमध्ये नाही ती तिलाही आणता येत नाही. आणि टायरवर भार दुप्पट टाकला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. म्हणजे टायर तेच ठेवून गाडी लादली तर वळणावर उलट तोटाच.