ख्रिश्चन कॉलेजात बीएमएस करताना मिस्साला बसावं लागतं का?

तुम्ही लिहिलंय की मुंबईतल्या एका ख्रिश्चन कॉलेजात बीएमएसला (मॅनेजमेंटची पदवी) प्रवेश मिळतोय, घरी आजोबा माळकरी आहेत, आणि तिथे मिस्साला, म्हणजे कॅथलिकांच्या चर्चमधल्या मुख्य प्रार्थनेला, बसावं लागेल का, बसलं तर चालेल का, हे विचारलंय. मी वसईची कॅथलिक. बीएमएस दक्षिण मुंबईत जेसुइट (कॅथलिकांमधला एक संन्यासी संघ) फादरांच्या कॉलेजातून केलं, आता एका बँकेच्या कर्ज विभागात आहे.

बसावं लागत नाही. राज्यघटनेच्या कलम २८(३) मध्ये स्पष्ट म्हटलंय की सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येणार नाही. वय अठराच्या खाली असेल तर संमती पालकांची लागते. बारावीनंतर लगेच प्रवेश घेणारी बरीच मुलं सतराचीच असतात, तेव्हा सुरुवातीला ती तुमच्या आईवडिलांची. प्रत्यक्षातही कुणी कुणाला ओढून नेत नाही. हजेरी लागते ती लेक्चरची, आणि ती पंचाहत्तर टक्के भरली नाही की काय होतं ते कुठल्याही सीनियरला विचारा.

शिवाय वर्गात तुम्ही एकटे नसाल. अल्पसंख्याक संस्थेला आपल्या समाजासाठी निम्म्यापर्यंत जागा राखून ठेवायला सुप्रीम कोर्टाने दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजच्या खटल्यात मान्यता दिली. म्हणजे उरलेला वर्ग इतरांचाच. आमच्या बाकावर एक गुजराती, एक बोहरी, एक लालबागची आणि मी अशी रांग होती.

आता दुसरा भाग, बसलं तर चालेल का. चालेल. माझं मत विचाराल तर एकदा बसाच. सेंट झेवियर्ससारख्या जुन्या जेसुइट कॉलेजात (ते १८६९ चं) स्वतःचं चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, असतं. ३१ जुलैला जेसुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांचा आणि ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचा सण येतो, त्या सुमाराची मिस्सा पाहण्यासारखी असते. मागच्या बाकावर बसायचं. लोक उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. गुडघे टेकायच्या वेळी नुसतं बसून राहिलात तरी कुणी वळून बघत नाही. गाणी येत असतील तर म्हणा. आमच्या कॉलेजच्या क्वायरमध्ये सगळ्यात सुरेल आवाज एका चित्पावन मुलीचा होता आणि फादर ते उघड सांगायचे. मध्ये एकमेकांना शांती द्यायची वेळ येते, तेव्हा आपल्याकडे हात जोडून नमस्कारच करतात.

एकच गोष्ट नीट लक्षात ठेवा. शेवटाकडे रांग लागते आणि फादर पातळ पांढरी भाकर हातावर ठेवतात. ती घ्यायची नाही. प्रसाद दिसला की हात पुढे करायची आपली सवय असते, आणि नाही म्हणणं आपल्याला उद्धटपणाचं वाटतं. पण कॅथलिकांच्या श्रद्धेनुसार ते साक्षात ख्रिस्ताचं शरीर आहे, आणि ते बाप्तिस्मा आणि प्रथम परमप्रसाद (ही भाकर पहिल्यांदा घेण्याचा विधी) झालेल्या कॅथलिकांसाठीच असतं. खुद्द कॅथलिक माणूससुद्धा मनाची तयारी नसेल तर जागेवरच बसून राहतो. त्यामुळे बसून राहण्यात अपमान कुणाचाच नाही. याउलट राखेच्या बुधवारी (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) कपाळाला लावतात ती राख कुणीही लावून घेऊ शकतं.

विल्सनसारखं कॉलेज असेल तर मिस्साचा प्रश्नच नाही. ते १८३२ साली स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी सुरू केलं, परंपरा प्रोटेस्टंट. तिथली उपासना म्हणजे बायबलवाचन, प्रार्थना आणि गीतं. आजोबांना हेही सांगा की मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं अजून गातात आणि त्यातली कितीतरी थेट अभंगाच्या चालीची आहेत. टिळक तुकोबांना किती मानत हे सर्वश्रुत आहे. आजोबा निम्मे तरी निवळतील.

पण मला वाटतं तुम्ही जिथे ख्रिस्तीपणा शोधताय तिथे तो फारसा भेटणार नाही. मला तो चॅपलपेक्षा वर्गात जास्त जाणवला. बिझनेस एथिक्सच्या तासाला आम्हाला वडापावच्या एका गाडीचा महिन्याचा खर्च मांडायला सांगितला होता. बटाटे, तेल, गॅस, पाव, सगळं झालं. मग सरांनी विचारलं, भांडी घासणाऱ्या पोऱ्याचा पगार कुठल्या ओळीत आहे? निम्म्या वर्गाच्या कागदावर तो नव्हताच. सर हिंदू होते, पण प्रश्न त्या परंपरेतला होता. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांविषयी परिपत्रक काढलं, त्यात म्हटलंय की दोघांनी करार केला म्हणून मजुरी न्याय्य ठरत नाही, कामगाराचं पोट त्यात साधेपणाने तरी भरलं पाहिजे. कर्जाची फाइल तपासताना धंद्याचा नफा फारच चांगला दिसला की मी अजूनही आधी पगाराची ओळ बघते. आमच्या वसईतली कॅथलिक सहकारी बँकही १९१८ पासून चालू आहे, म्हणजे देऊळ आणि दुकान यांचं आपल्याकडे वाटतं तितकं वाकडं नाही.

जेसुइटांची आणखी एक सवय उचलण्यासारखी आहे. रात्री पाच-दहा मिनिटं शांत बसून दिवस सकाळपासून तपासायचा: कुठे बरं वागलो, कुठे चुकलो, कुणाचं देणं राहिलं. दुकानदार रात्री रोजकीर्द लिहितो तसंच. इग्नेशियसने ही शिस्त घालून दिली, पण ती करायला कुठल्याही धर्माचा दाखला लागत नाही. माझी लालबागची मैत्रीण अजून करते, मी मात्र कंटाळा करते.

हे सगळं मुंबईतल्या, विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांबद्दल. पुण्याच्या स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठासारख्या ठिकाणचा विचार करत असाल तर चित्र वेगळं असू शकतं. ॲडव्हेंटिस्ट हा प्रोटेस्टंटांमधला एक पंथ; ते शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ, म्हणजे विश्रांती आणि उपासनेचा दिवस, पाळतात, आणि हॉस्टेलवर राहायचं झालं तर त्या वातावरणात राहणं आलंच. तिथे प्रवेशापूर्वीच लेखी विचारून घ्या.

तुमच्या कॉलेजच्या ऑफिसात मी असते तर मिस्साबद्दल विचारलंच नसतं. मी विचारलं असतं, समाजसेवेचे तास सक्तीचे आहेत का आणि ते सुट्टीत करता येतात का. शिवाय तुमचा अभ्यासक्रम नक्की बीएमएस आहे की नाव बदललेलं बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज? २०२४ पासून बीएमएस-बीबीएला राज्याची सीईटी (प्रवेश परीक्षा) आली आणि बऱ्याच कॉलेजांनी नावं बदलली. पदवीच्या कागदावर काय छापून येणार, ते फी भरण्याआधी विचारून घ्या.