कॅलिफोर्नियाला निघतोयस तर कँटीन नंतर बघ, आधी टीम बघ

अरे, गोव्यातल्या फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला म्हणजे आपलाच, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. तू विचारलंस की बंगळुरूच्या ऑफिसातून कंपनी तिकडे पाठवतेय, तर ते फुकट जेवण, जिम, खेळायच्या रूम यांनी खरंच डोकं जास्त चालतं का, की सगळा देखावा.

देखावा नाही. जेवण खरंच चांगलं असतं (हुमण, म्हणजे आपली माशांची आमटी, मात्र रविवारी घरीच करायची), आणि त्यामागे विचार आहे, वेगवेगळ्या टीमची माणसं एका टेबलाला बसली की कामाचं बोलणं आपोआप निघतं. पण संध्याकाळचं जेवणही तिथेच मिळतं म्हटल्यावर माणूस उशिरापर्यंत थांबतो हेही कंपनीला ठाऊक असतं, म्हणून फक्त त्यावर भुलू नकोस.

मुख्य गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडे देवळात जत्रेच्या नाटकाची तालीम चालते तेव्हा कसं, प्रॉम्प्टिंग करणारा पोरगासुद्धा म्हणतो की ही एंट्री डावीकडून घेऊया, आणि कोणी त्याला गप्प बस म्हणत नाही, करून बघतात, नाही जमलं तर सोडतात. चांगल्या टीममध्ये अगदी हेच असतं. गूगलने आपल्याच टीम्सचा अभ्यास केला होता, प्रोजेक्ट ॲरिस्टॉटल नावाने, त्यात कोण किती हुशार यापेक्षा, चुकीचं बोललो तर हसतील ही भीती नसणं जास्त महत्त्वाचं निघालं. आपल्याला साहेबासमोर गप्प बसायची सवय असते ना, ती इथे नडते, मीटिंगमध्ये बोलला नाहीस तर तुझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही असंच धरतात.

आता ते २० टक्के वेळेचं. २००४ मध्ये गूगल शेअर बाजारात येताना संस्थापकांच्या पत्रात ते होतं, कामाचा २० टक्के वेळ स्वतःच्या कल्पनेवर घालवा म्हणून, आणि ॲडसेन्स (वेबसाइटवर जाहिराती दाखवायची सेवा), गूगल न्यूज त्यातून आल्याचं सांगतात. पोस्ट-इट बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीत तर १५ टक्क्यांची मुभा १९४८ पासूनची. पण कागदावर मुभा असणं वेगळं आणि रिलीज तोंडावर असताना मॅनेजरने ती देणं वेगळं, एकाच कंपनीत एका मजल्यावर मिळते, दुसऱ्यावर नाही. म्हणून सही करायच्या आधी होणाऱ्या मॅनेजरला सरळ विचार की गेल्या वर्षी टीममधल्या कोणी स्वतःच्या कल्पनेवर काय केलं, आणि जे फसलं त्याचं वर्षाच्या कामाच्या रिव्ह्यूमध्ये काय झालं. उत्तर द्यायला अडखळला तर समजून जा.

आणि व्हिसा, हा भाग लोक जेवण-जिमसारख्या पर्क्सच्या नादात विसरतात. कंपनीच्या बदलीवर जातोस म्हणजे बहुतेक एल-१, कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा, त्यावर दुसऱ्या कंपनीत उडी मारता येत नाही, आणि नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त ६० दिवस. जानेवारी २०२३ मध्ये गूगलनेच १२ हजार माणसं कमी करायचं जाहीर केलं होतं, तेव्हा ही गोष्ट लांबची समजू नकोस. डोक्यावर ही टांगती तलवार असली की माणूस नवं काही करून बघायला धजत नाही, ठरलेलं तेवढं करतो, मग बाकी सोयी असून काय. ग्रीन कार्डचा अर्ज कधी टाकणार ते एचआरकडून ईमेलवर लिहून घे, तोंडी नको.

घरी तुझा स्वतःचा काही कोड चालू असेल तर तू बनवलेलं कोणाच्या मालकीचं ते सांगणारं कराराचं पान नीट वाच. कॅलिफोर्नियाचा कायदा बराच माणसाच्या बाजूचा आहे, स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या मशीनवर, कंपनीच्या धंद्याशी संबंध नसलेलं केलंस तर ते तुझं राहतं, पण कंपनीचा लॅपटॉप त्यासाठी उघडायचाच नाही.

मॅनेजरशी बोलणं झालं की तो काय म्हणाला ते जसंच्या तसं इथे लिही, मी सांगते.