स्पीड टेस्टचा आकडा नेमका कशाचा?

प्रश्न : आमचा प्लॅन ३०० मेगाबिटचा आहे. राउटरच्या जवळ बसून मोबाइलवर स्पीड टेस्ट केली, तर २१० च्या आसपास आकडा येतो. आतल्या खोलीत तो ३५ वर घसरतो. लॅपटॉप केबलने जोडून पाहिला, तर तिथे ९४ च्या पुढे काही केल्या जात नाही. सेवादात्याचे म्हणणे असे, की लाइन ठीक आहे. दोष नेमका कुठे आहे?

उत्तर : तुम्ही दिलेल्या तीन आकड्यांतच बरेचसे उत्तर आहे. स्पीड टेस्ट फक्त लाइन मोजत नाही. ज्या उपकरणावर ती केली, तिथपासून टेस्टच्या सर्व्हरपर्यंतची सगळी वाट ती मोजते आणि त्या वाटेतला जो टप्पा सर्वांत अरुंद असेल, त्याचाच आकडा पडद्यावर उमटतो. मोबाइलवर २१० दिसले, म्हणजे लाइन निदान तेवढे देते आहे हे सिद्ध झाले. मग त्याच राउटरला जोडलेला लॅपटॉप दर वेळी ९४ वर अडत असेल, तर अडथळा लाइनमध्ये नसून लॅपटॉप आणि राउटर यांच्यामध्ये आहे.

हा ९४ चा आकडा ओळखून ठेवावा असाच आहे. लॅनची, म्हणजे घरातली केबलची, जोडणी १०० मेगाबिटवर चालत असली, की प्रत्येक पॅकेटसोबत (डेटाच्या तुकड्यासोबत) जाणारा पत्ता वगैरे मजकूर वजा जाता प्रत्यक्ष डेटासाठी ९४-९५ मेगाबिट उरतात. केबलमध्ये आठ तारा असतात. १०० मेगाबिटला त्यांतल्या चार पुरतात, १००० मेगाबिटला मात्र आठही लागतात. एखादी तार आतून तुटली असेल किंवा टोकाचा कनेक्टर नीट दाबून बसवलेला नसेल, तर अनेक यंत्रे मुकाट्याने १०० वर उतरतात, इंटरनेट चालू राहते आणि बिघाड झाल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणीचा वेग लिहिलेला असतो. तिथे १००० ऐवजी १०० दिसत असेल, तर प्रथम केबल बदलून पाहावी. कॅट ५ई किंवा त्याहून वरच्या प्रतीची केबल घ्यावी. केबल बदलूनही आकडा हलला नाही, तर राउटरचा किंवा लॅपटॉपचा पोर्टच १०० चा आहे का, हे पाहावे. साध्या प्रतीच्या राउटरमध्ये आणि जुन्या यूएसबी-लॅन अ‍ॅडॉप्टरमध्ये तो तसा असतो.

मोबाइलवर ३०० ऐवजी २१० दिसणे हा बिघाड समजू नये. वायफायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते, प्रत्येक पॅकेटची पोच परत यावी लागते, आणि त्यामुळे फोन जो जोडणीचा वेग दाखवतो त्याच्या साधारण निम्मा ते दोन-तृतीयांशच प्रत्यक्षात हाती लागतो.

आतल्या खोलीची अडचण निराळी आहे. वायफायच्या ५ गिगाहर्ट्झच्या लहरीवर डेटा वेगाने जातो, पण भिंती ओलांडताना ती लवकर क्षीण होते. ती क्षीण झाली की फोन २.४ गिगाहर्ट्झवर सरकतो. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन, म्हणजे १, ६ आणि ११, आणि आजूबाजूच्या घरांतले राउटरही त्याच तिघांवर दाटीवाटीने चालत असतात. राउटर कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा घराच्या एका टोकाला ठेवलेला असेल, तर तो मध्यावर, मोकळ्या आणि जरा उंच जागी आणल्याने पुष्कळ फरक पडतो. एक्स्टेंडर (वायफायचा सिग्नल पुढे पोचवणारे यंत्र) घेताना विचार करावा : जो एक्स्टेंडर एकाच रेडिओवर आधी ऐकतो आणि मग तेच पुढे पाठवतो, त्याच्यापलीकडे वेग निम्म्यावर येतो. माझ्या मते सर्वांत टिकाऊ उपाय म्हणजे आतल्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढून तिथे एक अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलने आलेले इंटरनेट वायफायवर देणारे यंत्र) बसवणे. तारेचे काम कटकटीचे वाटते हे खरे, पण एकदा केले की तो प्रश्न मिटतो. यापेक्षा मोठा प्लॅन मात्र घेऊ नका. अरुंद टप्पा घरात असताना बाहेरची वाट रुंद करून आतल्या खोलीत एक मेगाबिटही वाढणार नाही.

प्रश्न : टेस्टमध्ये ३०० दिसतात, पण फाइल उतरवताना ब्राउझर ३५ च दाखवतो. ही फसवणूक नाही का?

उत्तर : नाही. स्पीड टेस्ट आणि प्लॅन मेगाबिटमध्ये बोलतात, ब्राउझर मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून ३०० मेगाबिट म्हणजे जास्तीत जास्त ३७.५ मेगाबाइट. तुम्हाला ३५ मिळत आहेत, म्हणजे लाइन पुरेपूर वापरली जात आहे.

प्रश्न : डाउनलोड उत्तम, पिंग १२ मिलिसेकंद. तरीही घरातल्या कोणाच्या फोनवरून फोटोंचा बॅकअप सुरू झाला, की माझा व्हिडिओ कॉल तुटतो. असे का होते?

उत्तर : ही तक्रार मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण डाउनलोडच्या मोठ्या आकड्याखाली ती झाकली जाते आणि माणसे उगाच प्लॅन वाढवत राहतात. टेस्टमधला मुख्य पिंग, म्हणजे पॅकेट सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, लाइन रिकामी असताना घेतलेला असतो. बॅकअप सुरू झाला की अपलोडची वाट भरते आणि राउटर किंवा मोडेम जादा पॅकेट टाकून देण्याऐवजी स्वतःच्या स्मृतीत साठवत जातो. तुमच्या आवाजाचे छोटेसे पॅकेट फोटोंच्या त्या लांब रांगेच्या शेवटी उभे राहते. रांग वाढत गेली, की १२ मिलिसेकंदांचे काहीशे मिलिसेकंद होतात. बोलण्यासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीत म्हटले आहे. त्यापलीकडे माणसे एकमेकांचे वाक्य तोडू लागतात.

याची खात्री घरीच करता येते. संगणकावर एका खिडकीत पिंग ही आज्ञा सतत चालू ठेवावी आणि दुसऱ्या खिडकीत एखादी मोठी फाइल अपलोड करावी. आकडे उसळले, तर कारण हेच. काही टेस्ट आता भार असतानाचा पिंगही वेगळा दाखवतात, तो जरूर पाहावा. संगणकशास्त्रज्ञ जिम गेटिस यांनी या दोषाला बफरब्लोट हे नाव देऊन त्याकडे सर्वांचे लक्ष वेधले. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये रांग आटोक्यात ठेवणारी कोडेल ही पद्धत मांडली आणि तिच्यावर आधारलेली एफक्यू-कोडेल आज पुष्कळ राउटरमध्ये मिळते. राउटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम (रांगेचे नियमन करणारी सोय) असेल, तर ते चालू करून अपलोड आणि डाउनलोड या दोन्हींची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवावी, म्हणजे रांग मोडेममध्ये न साचता तिचे नियमन राउटर करतो. कागदावरचा थोडा वेग जातो, पण कॉल टिकतो. राउटरमध्ये ही सोय नसेल, तर बॅकअपची वेळ रात्रीची ठेवावी.

प्रश्न : वेगवेगळ्या टेस्ट वेगवेगळे आकडे देतात आणि संध्याकाळी सगळेच आकडे उतरतात. सेवादात्याकडे तक्रार करताना कोणता आकडा द्यावा?

उत्तर : प्रत्येक टेस्ट वेगळी वाट मोजते. काही टेस्ट जवळचा सर्व्हर निवडून एकाच वेळी अनेक जोडण्या उघडतात, त्यामुळे आकडा मोठा येतो. मेझरमेंट लॅब या प्रकल्पाची एनडीटी ही टेस्ट एकाच जोडणीवर मोजते, तर फास्ट डॉट कॉम ही टेस्ट नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून डेटा खेचते. म्हणून एकच टेस्ट आणि एकच सर्व्हर ठरवून घ्यावा. लॅपटॉप केबलने जोडावा, वायफाय आणि व्हीपीएन बंद ठेवावे, घरातली इतर उपकरणे थांबवावीत, आणि पहाटे, दुपारी व रात्री, असे आठवडाभर मोजून प्रत्येक वेळी तारीख, वेळ, सर्व्हरचे नाव, डाउनलोड, अपलोड आणि पिंग लिहून ठेवावे. पहाटे पूर्ण वेग आणि रात्री रोज घसरण, असे दिसले तर तुमच्या केबलचा किंवा राउटरचा दोष जवळजवळ निकालात निघतो आणि पुढच्या सामाईक जाळ्यावरची गर्दी हे संभाव्य कारण उरते. ‘लाइन ठीक आहे’ या उत्तराचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो, की मोडेमपर्यंतचा सिग्नल ठीक आहे. त्यावरून पुढच्या गर्दीविषयी काहीच कळत नाही. म्हणून तक्रार लेखी द्यावी, सोबत हा तक्ता जोडावा आणि रात्रीच्या ज्या वेळी वेग उतरतो त्या वेळेचीच तपासणी स्पष्ट शब्दांत मागावी.