थंडीत हात आखडता घे

प्रिय मित्रा,

थंडी पडल्यापासून तुझी गांडुळं खात नाहीत, म्हणून तू रोज वरून नवं खाद्य टाकतोस, असं तू लिहिलंस. हे आधी थांबव, बाकीचं नंतर वाच.

खतासाठी आपण पाळतो ती आयसेनिया फेटिडा ही तांबूस गांडुळं साधारण 15 ते 25 अंशांत खुशीत असतात. पारा 10 च्या खाली गेला की त्यांचं खाणं आणि अंडी घालणं जवळजवळ थांबतं. ती आजारी नसतात, मंदावलेली असतात. न खाल्लेलं खाद्य मात्र तिथंच साचतं, आंबतं, आणि दोन दिवस ऊन पडलं की एकदम कुजायला लागतं. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी असाच मायेपोटी त्यांना खाद्य वाढत गेलो. एका सकाळी झाकण काढलं तर अमोनियाचा भपकारा आला, आणि गांडुळं बेडच्या, म्हणजे ती राहतात त्या खताच्या थराच्या, कडांवर चढून बसलेली. अर्ध्याहून जास्त गेली. थंडीनं नव्हे, माझ्या वाढण्यानं.

तेव्हा मागचं संपल्याशिवाय नवं द्यायचं नाही. द्यायचं तेही बारीक चिरून, एकाच कोपऱ्यात, वर मूठभर पुठ्ठ्याचे तुकडे किंवा वाळकी पानं टाकून. पुढच्या वेळी तोच कोपरा उकरून बघ, म्हणजे खाल्लं की नाही ते कळेल.

ऊब द्यायची तर बेडची खोली वाढव. उथळ ट्रे रात्रीत गार पडतो, पण फूट-दीड फूट खोल बेडच्या पोटात ऊब टिकते आणि गांडुळं आपणहून तिथं गोळा होतात. वरून गवताचा जाड थर आणि गोणपाट घाल, खाली थंड फरशी असेल तर लाकडी फळ्या. प्लास्टिकनं घट्ट गुंडाळू नकोस, हवा लागते त्यांना. अर्धवट कुजलेलं शेण टाकायचं तर एकाच बाजूला टाक. ते तापतं, आणि फार तापलं तर गांडुळांना सरकायला दुसरी बाजू मोकळी हवी. 35 अंशांच्या पुढची उष्णता त्यांना गारठ्याइतकीच जिवावर बेतते.

पाणीही कमी. थंडीत ओल लवकर उडत नाही. बेडमधलं मूठभर घेऊन दाबलं की एक-दोन थेंब यावेत, धार लागली तर कोरडा पुठ्ठा मिसळ.

आता विक्रीचं. उन्हाळ्यातल्या उत्पादनाचा हिशेब धरून तू हिवाळ्याच्या ऑर्डरी घेतल्यास, ही खरी चूक. थंडीत विकायचं खत थंडीच्या आधीच काढून ठेवायचं असतं. यंदा ते झालं नाही, तर ग्राहकाला आजच सरळ सांग की माल उशिरा मिळेल. वजन भरायला अर्धकच्चं खत चाळून देऊ नकोस. ते पिशवीत गरम होतं, वास मारतं, आणि तो ग्राहक परत येत नाही. ऐन गारठ्यात बेड उपसूही नकोस, सगळी ऊब एका तासात जाते.

आधीचं थोडं खत असेल तर ते सावलीत ठेव, हवा खेळेल अशा पिशवीत. हाडासारखं वाळवू नकोस. मुठीत गोळा व्हावा आणि बोटानं ढकलल्यावर फुटावा, इतपत ओल राहू दे. चाळताना लिंबासारखे टोकदार, मोहरीपेक्षा जरा मोठे पिवळसर दाणे दिसले तर फेकू नकोस, ते गांडुळांच्या अंड्यांचे कोष आहेत. मोठी गांडुळं मेली तरी कोष बरीच थंडी सोसतात, आणि ऊब आली की एकेकातून दोन-चार पिल्लं निघतात. माझा बेड त्या वर्षी त्यांच्यामुळंच परत भरला, पण त्याला वसंत संपेपर्यंत वाट बघावी लागली.

पुढच्या पत्रात बेडच्या मधोमध, वीतभर खोल किती तापमान भरतं ते लिही. हवेचं नको.

तुझा,
एक जुना गांडूळवाला